परसातली अन्नपूर्णा: गोव्यात सुवासिक पान लावायचं कसं, जपायचं कसं

गोव्यातल्या परसांत सुवासिक पानांची वाण नाही. नागपंचमी-चवथीच्या पातोळ्यांना लागणारं हळदीचं पान बहुतेकांच्या दाराशीच असतं. पण पाऊस सरला की हळद पिवळी पडते, जमिनीवरचं सगळं सुकून जातं आणि पुढच्या पावसापर्यंत पान मिळत नाही. बारा महिने हिरवं राहणारं आणि रोजच्या साध्या भाताला वास देणारं पान मात्र अजून फार थोड्या घरांत दिसतं. ते म्हणजे अन्नपूर्णा. काही जण तिला बासमतीचं पान म्हणतात, रोपवाटिकेत ती पंदन किंवा रंपे या नावानं विचारली तर पटकन कळते. शास्त्रीय नाव पॅन्डॅनस अमॅरिलिफोलियस. आपल्या केवड्याच्याच कुळातली ही वनस्पती. श्रीलंकेत ती कढीपत्त्याच्या जोडीनं फोडणीत पडते. थायलंड, मलेशिया, इंडोनेशियात भातापासून गोडधोडापर्यंत सगळीकडे वापरतात. बंगालात तिला पोलाव-पाता म्हणतात, म्हणजे ती कशात घालतात हे सांगायलाच नको.

हिचा वास बासमतीसारखा येतो, कारण तो वास त्याच द्रव्याचा आहे. २-अ‍ॅसिटिल-१-पायरोलिन हे ते द्रव्य. रसायनशास्त्रज्ञ रॉन बटरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सुवासिक तांदळात ओळखलं आणि १९८३ मध्ये या पानातही दाखवून दिलं. सुवासिक तांदळाच्या साधारण दहापट प्रमाणात ते पानात असल्याचं त्यांना आढळलं. हे द्रव्य हवेत लवकर उडून जातं. पान कसं काढायचं, कसं ठेवायचं, भांड्यात कधी टाकायचं, हे सगळं त्यावरच ठरतं.

लागवडीबद्दल एक गोष्ट आधीच सांगते. गोव्यात नवीन रोप लावणाऱ्यांना पावसाची धास्ती वाटते. पाऊस अन्नपूर्णेला मानवतो. तिची खरी परीक्षा मार्च ते मे या तीन महिन्यांत होते. लावण्याची जागा, वेळ, खड्डा, आच्छादन हे सगळं त्या तीन महिन्यांचा विचार करून ठरवलं, तर पुढं फारसं काही करावं लागत नाही.

रोप मिळवताना

अन्नपूर्णेचं बी मिळत नाही. तिला फूलच क्वचित येतं, फळ-बी धरतच नाही. जगभर ती फुटव्यांवरच वाढवली जाते. त्यामुळे ऑनलाइन कोणी ‘पंदनचं बी’ विकत असेल तर ते घेऊ नका, भलतंच काहीतरी उगवेल. ज्यांच्याकडे झाड आहे त्यांच्याकडून फुटवा मागून आणणं सगळ्यांत चांगलं. नाहीतर चांगली रोपवाटिका गाठा. पावसाच्या तोंडावर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात रोपं घेऊन बसणाऱ्या बायकांकडेही चौकशी करून पाहा.

ओळख पटवून घेणं मात्र जरुरीचं. खाडीकाठचा केवडा आणि अन्नपूर्णा लहानपणी सारख्याच दिसतात. केवड्याच्या पानाच्या दोन्ही कडांना आणि खालच्या बाजूनं मधल्या शिरेवर करवतीसारखे काटे असतात. अन्नपूर्णेचं पान हातातून ओढलं तर जवळजवळ गुळगुळीत लागतं, टोकाशी बारीक दाते तेवढे जाणवतात. केवड्याचा सुगंध नरफुलाच्या कणसात असतो, पानाला तो नसतो. शोभेसाठी पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे पॅन्डॅनस विकतात, तेही स्वयंपाकाचे नव्हेत.

वासाची परीक्षा जागच्या जागी घ्यायला गेलात तर फसाल. ताजं पान फाडून नाकाशी नेलं तर नुसता हिरवा, गवतासारखा वास येतो आणि माणूस रोप खाली ठेवून निघून जातो. खालचं जून पान मागून घ्या, त्याची घडी करून रुमालात गुंडाळा आणि बाजारातली बाकीची कामं करून या. पान मलूल झालं की रुमाल उघडताना गरम भाताच्या वाफेसारखा वास आला पाहिजे. आला तर ते रोप घ्या. कुठे गरम पाण्याची सोय असली तर पानाचा तुकडा त्यात बुडवला की लगेच कळतं.

जागा

फोंडा, सत्तरी, सांगे, काणकोण या भागांतलं कुळागर ज्यांनी पाहिलं आहे त्यांना जागा समजावून सांगावी लागणार नाही. वर माड-पोफळी, मध्ये केळी, खोडावर मिरवेल, खाली ओल आणि कवडशांचं ऊन. अन्नपूर्णेला नेमकं हेच हवं. पोफळ जिथे सुखानं जगते तिथे अन्नपूर्णा जगते, हे मी जागा निवडण्याचं माप म्हणून धरते.

कुळागर सगळ्यांकडे नसतं. घराच्या मागं केळीचं बेट असेल तर त्याच्या पूर्वेला लावा. विहिरीच्या कठड्यालगत पाणी सांडतं ती जागा चांगली. न्हाणीचं पाणी जिथे जातं तिथे बऱ्याच घरांत केळी आणि अळू असतं. तिथेही ही वाढेल, पण साबण आणि कपड्यांची पावडर थेट मुळाशी येणार नाही इतकी ती पाटाच्या बाजूला सरकवा. चिऱ्याच्या भिंतीला पश्चिमेकडून टेकवून मात्र लावू नका. दुपारच्या उन्हानं तापलेली भिंत संध्याकाळी उशिरापर्यंत धग सोडते आणि पानांची टोकं करपतात.

सकाळचं दोन-तीन तास ऊन आणि पुढं सावली हे उत्तम. पूर्ण उन्हात झाड मरत नाही, पण पान आखूड, जाड आणि पिवळट होतं. अगदी गडद सावलीत पान लांब, गडद हिरवं होतं, पण वाढ मंदावते.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी पूर्वेकडची बाल्कनी निवडावी. निदान एक फूट व्यासाची आणि तेवढीच खोल कुंडी घ्या. लहान कुंडीत मुळं वर्षभरात गोल फिरून गच्च होतात.

वेळ आणि लावणी

जून लागल्यावर पहिल्या सरी पडून जमीन निवली, म्हणजे आठ-दहा दिवसांनी लावणी करावी. असं केलं तर मुळांना उन्हाळ्याआधी आठ-नऊ महिने मिळतात. जूनचा मुहूर्त चुकला तर ऑगस्टअखेर, जोर ओसरल्यावर लावा. जुलैत लावू नका, कारण मुळं धरण्याआधीच संततधारेत माती वाहून जाते आणि रोप उघडं पडतं. गोव्यात किनाऱ्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस होतो, सत्तरी-सांग्याकडे त्याहून जास्त, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. नंतर कोरडं. डिसेंबर ते मे या काळात कुंडीखेरीज नवीन लावणी करूच नये.

आपली तांबडी माती जांभ्या दगडातून झालेली, आम्लधर्मी आणि पाणी धरून न ठेवणारी. आम्लपणाची अन्नपूर्णेला तक्रार नाही, पाणी न धरण्याची आहे. म्हणून खड्डा दीड फूट लांब-रुंद आणि तितकाच खोल घ्या. खाली कठीण जांभा लागला तर पहारीनं फोडून घ्या, नाहीतर पावसात खड्ड्याचं डबकं होईल आणि उन्हाळ्यात मुळं खाली जाणार नाहीत.

तळाला नारळाच्या सोडणांचा एक थर द्या, आतली काथ्याची बाजू वर करून. ती सोडणं पाणी शोषून घेतात आणि उन्हाळ्यात हळूहळू सोडतात. सुकी सोडणं आधी दिवसभर पाण्यात भिजत घाला. वर खड्ड्याची माती दोन भाग, कुजलेलं शेणखत एक भाग, कुजलेला पालापाचोळा एक भाग असं मिश्रण भरा. शेणखत पूर्ण कुजलेलं हवं. ताजं शेण कुजताना तापतं आणि कोवळी मुळं भाजतं. कुंडीसाठी हेच मिश्रण, फक्त मातीचा एक भाग कमी करून त्या जागी काथ्याचा भुसा घाला आणि तळाचं भोक खापरीच्या तुकड्यानं झाका.

रोप पिशवीत जितकं खोल होतं तितकंच खोल लावा. बुंध्याच्या बाजूनं बाहेर आलेली जाड, बोटासारखी मुळं दिसतील. ती मोडू नका. त्यांची टोकं मातीकडे वळवून त्यांच्यावर थोडी माती ओढली की ती आत शिरतात आणि झाडाला आधार देतात. एकापेक्षा जास्त रोपं असतील तर दोन फुटांचं अंतर ठेवा. पोफळीच्या बुंध्यापासून अडीच फूट लांब राहा, पोफळीची मुळं जवळच पसरलेली असतात.

पावसाळ्यात

पहिले दोन महिने लक्ष फक्त निचऱ्याकडे. मुसळधार पावसानंतर खड्ड्याभोवती तासाभराहून जास्त पाणी उभं राहत असेल तर उताराकडे एक चर काढा. या काळात खत घालू नका, चार दिवसांत धुऊन जातं.

खरा उपद्रव गोगलगाईंचा. त्या पानांच्या बेचक्यात दिवसभर लपतात आणि रात्री कोवळा पोंगा खरवडतात. पोंगा उलगडला की पानावर ओळीनं भोकं दिसतात, ती त्यांचीच. ओलं गोणपाट रात्री झाडाशेजारी अंथरा, सकाळी उलटवलं की खाली गोळा झालेल्या मिळतात. हातमोजे घालून उचला. मिठाचा उपाय झाडाजवळ करू नये, मीठ मातीत उतरतं आणि अन्नपूर्णेला ते सोसत नाही. कुंडीखाली ताटली ठेवत असाल तर तिच्यात पाणी साचू देऊ नका, पावसाळ्यात डासांना तेवढंच पुरतं.

ऑगस्टच्या शेवटी बुंध्याभोवती वाहून गेलेली माती परत ओढून घ्या आणि पहिली खताची मात्रा द्या: एका झाडाला दोन ओंजळी गांडूळ खत. पानांचं पीक आहे, त्याला नत्र हवं. पुढं ऑक्टोबर, डिसेंबर आणि फेब्रुवारीत हेच. जीवामृत करत असाल तर दहापट पाण्यात मिसळून महिन्यातून एकदा घाला. शेंगदाण्याची पेंड तीन दिवस भिजवून, गाळून, दहापट पाण्यात घातली तरी चालते.

मार्च, एप्रिल, मे

शिमगा आला की तयारी सुरू करा. बुंध्याभोवती दोन फुटांच्या घेरात चार इंच जाड आच्छादन घाला. सुका पाला, केळीच्या सोपट्या, पोफळीची पानं, जे हाताशी असेल ते. वर माडाची दोन चुडतं आडवी टाका म्हणजे कोंबड्या उकरणार नाहीत. बुंध्याला चिकटून मात्र आच्छादन नको, चार बोटं जागा मोकळी ठेवा.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी एक दिवसाआड पाणी पुरतं. मार्चपासून रोज, आणि ते संध्याकाळी. एका मोठ्या झाडाला एक कळशी, पण एकदम ओतू नका. जांभ्याच्या मातीत पाणी कडेकडेनं निघून जातं, म्हणून अर्धी कळशी ओतून दहा मिनिटांनी उरलेली घाला. कुंडीला सकाळ-संध्याकाळ दोनदा. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसून पाहिलं आणि माती बोटाला चिकटली तर त्या वेळचं पाणी टाळा.

किनाऱ्याजवळ किंवा खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनीच्या, बाजूला राहत असाल तर विहिरीचं पाणी मे महिन्यात चाखून पाहा. मचूळ लागलं तर ते अन्नपूर्णेला देऊ नका, नळाचं द्या. खाऱ्या पाण्याची खूण ठरलेली आहे: पानाचं टोक तपकिरी होतं आणि तो रंग कडेनं खाली सरकत येतो. पाण्याच्या तुटवड्यात मात्र पान आधी मधल्या शिरेवर दुमडतं, पन्हळीसारखं होतं. हा फरक ओळखता आला की उपाय चुकत नाही. दुमडलेलं पान पाणी दिल्यावर रात्रीत सरळ होतं, करपलेलं टोक हिरवं होत नाही. ते कात्रीनं कापून टाका आणि उरलेलं पान खुशाल वापरा.

याच दिवसांत पानाच्या देठाशी पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसतो. मुंग्यांची रांग बुंध्यावर चढताना दिसली की आतली पानं फाकवून बघाच. थोडा असेल तर ओल्या फडक्यानं पुसून काढा. वाढला असेल तर एक लिटर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे काही थेंब घालून उतरत्या उन्हात फवारा. त्यानंतर आठवडाभर पानं काढू नका, आणि काढाल तेव्हा नीट धुवा.

पानं काढणं आणि फुटवे करणं

लावल्यापासून पाच-सहा महिन्यांनी, झाडावर पंधराएक पानं झाली की काढायला सुरुवात करावी. नेहमी खालचं, जून पान घ्या. वासही त्यालाच जास्त. बुंध्यालगत धारदार सुरीनं कापा. ओढून काढायला गेलात तर सालीची चिंधी निघते आणि पावसाळ्यात तिथूनच कूज शिरते. एका वेळी दोन-तीन पानं, आणि वरची आठ-दहा कायम ठेवायची. मधल्या पोंग्याला हात लावायचा नाही.

नियमानं पानं काढत राहिलं तर झाड गुडघा-मांडीइतकं, झुडपासारखं राहतं. वर्षानुवर्षं तसंच सोडलं तर खोड धरून पुरुषभर आणि त्याहून उंच होतं, पानं रुंद आणि राठ होतात. स्वयंपाकासाठी झुडूपच बरं. घराला लागून असेल तर खालची सुकी पानं वेळोवेळी काढून बुंधा उघडा ठेवा. दाट गचपणात उंदीर घर करतात आणि त्यांच्यामागून साप येतो.

दुसऱ्या वर्षी बुंध्यातून आणि पानांच्या बेचक्यांतून फुटवे येतात. वीतभर वाढलेला आणि स्वतःची दोन-तीन मुळं दिसू लागलेला फुटवा सुरीनं मूळ खोडाच्या सालीच्या लहान तुकड्यासह कापून घ्या. त्याची पानं अर्ध्यावर छाटा, म्हणजे मुळं धरेपर्यंत पाणी कमी उडेल. कुंडीत लावून महिनाभर पूर्ण सावलीत ठेवा. नवीन पोंगा उलगडायला लागला की मुळं लागली असं समजा. मुळं नसलेला फुटवा फेकू नका. बाटलीत बुंधा बुडेल इतकं पाणी घालून ठेवला आणि पाणी दर दोन दिवसांनी बदललं तर त्यालाही मुळं येतात.

खोड लांबून खालून उघडं झालं असेल तर जूनमध्ये शेंडा हवेतल्या मुळांसह फूटभर लांबीचा कापून वेगळा लावा. उरलेल्या बुंध्याला बाजूनं फुटवे येतात. एका जुन्या झाडातून अशा रीतीनं अर्ध्या वाड्याला पुरतील इतकी रोपं निघतात. बी नसल्यामुळे ती कुठे रानोमाळ पसरण्याचीही भीती नाही.

स्वयंपाकघरात

पान धुऊन मधोमध दुमडा, एक सैल गाठ मारा आणि भांड्यात टाका. वाटीभर तांदळाला वीतभर लांबीचं पान पुरे. सुरय, म्हणजे न उकडलेल्या पांढऱ्या तांदळाचा भात मोजून पाणी घालून शिजवतात, त्यात पान सुरुवातीपासून ठेवा. उकड्या तांदळाचं तसं नाही. तो आपण भरपूर पाण्यात शिजवून वेळतो, आणि पान आधी घातलं तर सगळा वास त्या पाण्याबरोबर जातो. भात वेळून झाला की पान मध्ये खुपसा, घट्ट झाकण ठेवा आणि दहा मिनिटं वाफेवर राहू द्या. पेज करायची असेल तर मात्र पान उकळतानाच घाला.

अन्नपूर्णेचं सगळ्यांत चांगलं जमतं ते नारळाशी. मणगणं किंवा तांदळाची खीर करताना पान नारळाच्या पातळ रसात घालून मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं उकळा. ते काढून टाका आणि मगच दाट रस घाला, कारण दाट रस जोरात उकळला तर फाटतो. गूळ त्याआधी विरघळलेला असू द्या. शिरवाळ्यांच्या रसालाही हीच रीत. पातोळ्यांना हळदीचंच पान हवं, अन्नपूर्णेचं पान अरुंद असतं, त्यात पातोळी मावत नाही. पण आतलं चून शिजवताना त्यात गाठ मारलेला तुकडा घालून नंतर काढून घेतला तर गूळ-खोबऱ्याला वेगळीच गोडी येते. तिरफळं घातलेल्या हुमणात किंवा उडदमेथीत मात्र हे पान घालू नये. तिरफळापुढं ते टिकत नाही आणि दोन्ही वास एकमेकांना बिघडवतात.

हिरवा रंग हवा असेल तर दहा पानं बारीक चिरून अर्ध्या वाटी पाण्यात वाटा, फडक्यातून पिळून काढा आणि बरणीत भरून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी वर फिकट पाणी आणि खाली गडद हिरवा साका बसलेला असतो. वरचं पाणी हलक्या हातानं ओतून द्या. साका चमचा-दोन चमचे घावनाच्या किंवा सांदणाच्या पिठात घालायचा. तो दोन-तीन दिवसांत संपवावा, पुढं कडवटपणा येतो.

पानं सुकवून डब्यात भरू नका, वास उडून नुसता पाला उरतो. ताजी पानं ओलसर फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये आठवडाभर राहतात. त्याहून जास्त दिवस हवी असतील तर धुऊन, पूर्ण पुसून, एका वेळेला लागणाऱ्या तुकड्यांच्या गाठी मारून, हवाबंद पिशवीत फ्रीझरमध्ये ठेवा. दोन-तीन महिने वास चांगला राहतो. वापरताना बाहेर काढून वितळू देऊ नका, गोठलेली गाठ तशीच उकळत्या भांड्यात सोडा.